आंब्याच्या ऑर्डरी, टॅली आणि व्हॉट्सॲप: जोडणी कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यात घरची हापूसची कलमं. मार्च अखेरपासून मे संपेपर्यंत रोज ४० ते ६० ऑर्डरी थेट गिऱ्हाइकांच्या, काही गूगल फॉर्मवरून तर काही व्हॉट्सॲपवर. पैसे यूपीआयने. रात्री घरातलं कुणीतरी बसून तेच नाव-पत्ते तीनदा लिहितं: शीटमध्ये, टॅलीत आणि पेटीवरच्या लेबलवर. मेक किंवा झॅपिअर (वेगवेगळी ॲप एकमेकांना जोडून देणाऱ्या ऑनलाइन सेवा) घेतलं तर हे आपोआप होईल का, खर्च किती, आणि भर मोसमात बंद पडलं तर काय करायचं?

होईल. मात्र मेक की झॅपिअर हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवा: ऑर्डरीला क्रमांक कोण देणार, आणि ती कुठवर आली हे कुठल्या एकाच जागी लिहिलेलं असणार. हे ठरलेलं नसताना सॉफ्टवेअरं जोडली की एकाच गिऱ्हाइकाला दोन पेट्या जातात आणि पैसे भरलेला दुसरा माणूस फोन करत बसतो.

आज तुमच्याकडे ऑर्डर नावाने ओळखली जाते, ‘ठाण्याचे पाटील, दोन डझन’ अशी. मे महिन्यात ठाण्याचे पाटील चार निघतात. म्हणून मोसमाचं वर्ष आणि चार आकडी क्रम, २६-०४१७ असा क्रमांक पहिल्या मिनिटाला पडला पाहिजे आणि पेटी पोचेपर्यंत तोच राहिला पाहिजे. व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर आलेली ऑर्डरसुद्धा घरच्या माणसाने तोच फॉर्म भरून आत घ्यायची. दुसरं दार ठेवायचं नाही. जुन्या गिऱ्हाइकाला आधीच भरलेल्या रकान्यांची लिंक पाठवता येते; गूगल फॉर्ममध्ये ती सोय आहे.

क्रमांक म्हणून शीटमधला ओळीचा आकडा वापरू नका, कारण कुणीतरी यादी नावाप्रमाणे लावली की सगळे क्रमांक हलतात. ‘आतापर्यंतच्या ओळी अधिक एक’ हेही नको. दोन फॉर्म एकाच क्षणी आले तर दोघांना एकच क्रमांक मिळतो, आणि रविवारी सकाळी तुमची जाहिरात मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली की असे फॉर्म येतातच. ॲप्स स्क्रिप्टमध्ये (गूगल शीटला जोडून लिहिता येणारा कोड) शेवटचा क्रमांक प्रॉपर्टीज या तिच्या साठवणीत ठेवा आणि तो वाढवताना लॉकसर्व्हिसने कुलूप घाला. ३० सेकंद थांबायची मुभा द्या. तेवढ्यात पाळी येते.

ऑर्डर क्रमांक आणि बिल क्रमांक मात्र वेगळे ठेवा. इथे आंबेवाल्यांची एक खास अडचण आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि मोसम नुकता लागलेला असतो. २९ मार्चला पैसे आले, पेटी ३ एप्रिलला निघाली, तर जमा जुन्या वर्षात आणि विक्री नव्या वर्षात. शिवाय बिलांचे क्रमांक आर्थिक वर्षाप्रमाणे सलग हवेत आणि १६ अक्षरांच्या आत बसायला हवेत. ऑर्डर क्रमांकच बिलावर टाकला तर ज्यांनी पैसे भरलेच नाहीत त्यांच्या जागी भोकं पडतात आणि सीए विचारतो, मधली बिलं कुठे गेली? म्हणून बिल क्रमांक पेटी निघायच्या दिवशी द्या, आधी नाही. ऑर्डर क्रमांक टॅलीत नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या टिपेत, राहू दे.

आता नोंदवही. फॉर्मचे प्रतिसाद ज्या शीटमध्ये पडतात तिला कुणी हात लावायचा नाही. शेजारी ‘ऑर्डरी’ नावाचं दुसरं पान करा. त्यात गिऱ्हाइकाची माहिती, आणि उजवीकडे फक्त वेळा लिहायचे रकाने: लिंक पाठवली, पैसे आले, लेबल निघालं, टॅलीत गेलं, गाडीत चढलं, निरोप गेला. प्रत्येक कामासाठी एक छोटा प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाचा नियम एकच: मागचा रकाना भरलेला आणि माझा रिकामा अशा ओळी शोध, काम कर, वेळ लिही. कुणीही दुसऱ्याला थेट हाक मारत नाही.

ही रचना मला साखळीपेक्षा फार पसंत आहे. साखळीत फॉर्म आला की लिंक, लिंकनंतर मेसेज, मेसेजनंतर टॅली, असं एका दमात सगळं घडतं. मधली एक कडी तुटली की पुढचं राहून जातं आणि कुठवर झालं होतं ते कळत नाही. रकान्यांच्या पद्धतीत वीज गेली, इंटरनेट गेलं, टॅली बंद होती, तरी ओळ तिथेच थांबते आणि सगळं परत आल्यावर पुढे सरकते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळवाचा पाऊस, मागोमाग लाइट गुल, हे ज्या गावात नेहमीचं आहे तिथे दुसरी पद्धत परवडत नाही.

एक बारकी गोष्ट. गाडीत चढलं हा रकाना माणूस भरणार, फोनवरच्या शीटमध्ये खूण करून. अनेकजण ती खूण होताच निरोप जावा म्हणून ऑनएडिट, म्हणजे शीटमध्ये बदल होताच चालणारा कोड, वापरतात आणि मग अर्ध्या लोकांना निरोप जात नाही. कारण साधं आहे: ४० ओळींवर एकदम खूण ओढली तर ऑनएडिट एकदाच चालतं आणि बदललेला मजकूर रिकामा मिळतो. शिवाय साध्या ऑनएडिटला बाहेरच्या सेवेशी बोलायची परवानगीच नसते. त्यासाठी इन्स्टॉल केलेला ट्रिगर, म्हणजे तुमच्या परवानगीने स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, लागतो. त्यापेक्षा दर १० मिनिटांनी चालणारा ट्रिगर ठेवा. खूण असलेल्या आणि निरोप न गेलेल्या ओळी तो उचलेल. खळ्यावर रेंज नसली तरी चालतं, फोन रेंजमध्ये आला की खुणा शीटमध्ये पोचतात.

दर मिनिटाला चालवायचा मोह आवरा. साध्या जीमेल खात्यावर ट्रिगरांना दिवसाला एकूण ९० मिनिटं मिळतात. दर मिनिटाला पाच सेकंदांचं काम म्हणजे १,४४० फेऱ्या, १२० मिनिटं. अठरा तासांत सगळं गप्प होईल आणि कारण सापडणार नाही. दहा मिनिटांनी तेच काम १२ मिनिटांत बसतं. ईमेलचीही मर्यादा आहे: साध्या खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातो. गिऱ्हाइकाला एक आणि स्वतःला एक प्रत असं ठेवलं, तर ५० ऑर्डरींतच कोटा संपतो. स्वतःची प्रत काढून टाका, शीट आहेच.

फॉर्ममध्ये येणारा कचरा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि इंटरनेटवरच्या शिकवण्यांमध्ये याचा उल्लेखच नसतो. मराठी गिऱ्हाइकांचा तर एक खास मुद्दा आहे: बरेचजण मोबाइल क्रमांक आणि पिनकोड देवनागरी आकड्यांत लिहितात. ॲप्स स्क्रिप्टच्या जावास्क्रिप्ट भाषेला ते आकडे वाटतच नाहीत. नंबर केलं तर ‘नॉट अ नंबर’ मिळतं, आणि रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) आकड्याचा साधा संकेत फक्त इंग्रजी आकडे धरतो. तेव्हा आत घेतानाच प्रत्येक देवनागरी आकड्याचा इंग्रजी आकडा करून घ्या. दहा अक्षरांचं कोष्टक पुरतं. ‘इंग्रजीत लिहा’ असा दंडक घालून आजोबांना परत पाठवण्यात अर्थ नाही.

मोबाइलमधून मोकळ्या जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचे शून्य किंवा ९१ काढून शेवटचे दहा आकडे ठेवा, आणि पहिला ६ ते ९ मधला आहे का ते पाहा. हे दहा आकडे म्हणजेच गिऱ्हाइकाची ओळख. नाव नव्हे, कारण नावाची स्पेलिंगं दर वर्षी बदलतात. शीटमध्ये हा रकाना आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवा, नाहीतर अधिक चिन्हाने सुरू होणारा क्रमांक सूत्र समजला जातो. डझनांचा रकाना उघडा ठेवला तर लोक १-२ लिहितात आणि शीट त्याची तारीख करते. तिथे निवडीची यादीच द्या.

पिनकोडवरून राज्य ओळखताना एक चूक हमखास होते. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र असा नियम लिहिला जातो. ४५ ते ४९ मध्य प्रदेश-छत्तीसगडकडे जातात हे बऱ्याचदा लक्षात येतं. पण ४०३ हा गोव्याचा आहे, आणि सिंधुदुर्गातून गोव्याला जाणारा माल काही थोडाथोडका नसतो. तेव्हा नियम असा: ४० ते ४४ महाराष्ट्र, ४०३ वगळून. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, त्यामुळे तिथे चूक दडून राहते. त्याच ऑर्डरीत आमरसाचे डबे, आंबापोळी, काजूगर गेले की राज्यात सीजीएसटी-एसजीएसटी आणि राज्याबाहेर आयजीएसटी, हा फरक लगेच अंगावर येतो. करमुक्त आणि करपात्र माल एकाच नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला देताना दोन कागद करायची गरज नाही. दोन्ही मिळून एकच बिल देता येतं, आणि तुमच्या बिलाच्या साच्यात ती सोय ठेवा. कराचे दर प्रोग्रॅममध्ये लिहू नका. वेगळ्या पानावर माल, एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड), दर आणि ‘या तारखेपासून’ असं ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा ज्यांनी १२ टक्के प्रोग्रॅममध्येच कोरले होते त्यांना जागोजागी शोधत बसावं लागलं असणार. कोणता माल कोणत्या दरात हे सीएकडून एकदा लिहून घ्या.

पैसे

वैयक्तिक यूपीआयचा क्यूआर लावून ‘पैसे आले की आपोआप कळेल’ असं होत नाही. तिथून कुठल्याही सॉफ्टवेअरला खबर मिळत नाही. स्क्रीनशॉट पुरावा नव्हे, तो दोन मिनिटांत बनवता येतो. फोनवरचे बँकेचे एसएमएस वाचणारी ॲप असतात. ती वापरू नका, कारण एसएमएसमध्ये ऑर्डर क्रमांक नसतो आणि अशा ॲपला ओटीपीही दिसतात.

पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी) खातं काढा आणि प्रत्येक ऑर्डरीला वेगळी लिंक करा. रेझरपेचं उदाहरण घेतो, बाकीच्यांत नावं वेगळी पण रीत तीच. लिंक बनवताना रेफरन्स आयडीत आपला ऑर्डर क्रमांक घाला. तो प्रत्येक लिंकला वेगळाच असावा लागतो, त्यामुळे तुमचा प्रोग्रॅम चुकून दोनदा चालला तरी दुसरी लिंक बनत नाही. हे संरक्षण फुकट मिळतं. रक्कम पैशांत द्यायची: २,४०० रुपये म्हणजे २,४०,०००. शंभराने गुणायला विसरलात तर गिऱ्हाइकाला २४ रुपयांची लिंक जाईल, आणि तो ती आनंदाने भरेल. लिंकची मुदत २४ तास ठेवा. मुदत संपली की ती ऑर्डर आपोआप सुटते आणि तेवढे डझन पुन्हा मोकळे होतात. फॉर्म भरला म्हणजे ऑर्डर नव्हे, ती फक्त मागणी; पैसे आले की ऑर्डर. घरात हा शब्दांचा फरक पाळा.

पैसे आल्याचं कसं कळणार? शिकवण्या सांगतात वेबहुक लावा, म्हणजे पैसे येताच गेटवेच तुमच्या पत्त्यावर निरोप पाठवेल. पण ॲप्स स्क्रिप्टच्या वेब ॲपला येणाऱ्या निरोपाचे हेडर (निरोपासोबत येणारी पाकिटावरची माहिती) वाचताच येत नाहीत, आणि गेटवेची सही हेडरमध्येच असते. म्हणजे पत्ता माहीत असलेला कुणीही ‘पैसे आले’ असा खोटा निरोप पाठवू शकतो आणि तुम्हाला ते ओळखता येणार नाही. दुसरं, वेब ॲप साधा मजकूर परत देताना आधी दुसऱ्या पत्त्यावर वळवतं. बऱ्याच सेवा याला अपयश धरतात आणि निरोप पुन्हापुन्हा पाठवत राहतात.

तुमच्या आकाराला यावर सोपा उपाय आहे: वेबहुक लावूच नका. दर १० मिनिटांनी तुम्हीच गेटवेला विचारा, या उघड्या लिंकांपैकी कुठल्या भरल्या गेल्या? आंब्याच्या गिऱ्हाइकाला ‘पैसे मिळाले’ हा निरोप दहा मिनिटांनी आला तर काही बिघडत नाही. विचारणा तुमच्याकडून, तुमच्या गुप्त किल्लीने होते, त्यामुळे खोटेपणाचा प्रश्नच मिटतो. ती किल्ली कोडमध्ये चिकटवू नका, स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये ठेवा; शीटची प्रत कुणाला दिली की कोडही सोबत जातो.

तरी जुनी माणसं थेट यूपीआयनेच पाठवणार. त्यांच्याकडून १२ आकडी व्यवहार क्रमांक घ्या, शीटमध्ये लिहा, आणि रात्री बँकेचं स्टेटमेंट उतरवून त्या क्रमांकावर जुळवा. हे हातानेच राहू दे. दिवसाला पाच-सहा असतील.

व्हॉट्सॲप

फोनवरच्या व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधून आपोआप मेसेज पाठवणारी जी स्वस्त टूल मिळतात ती आतून व्हॉट्सॲप वेबच चालवतात. ते नियमाबाहेर आहे आणि क्रमांक बंद होऊ शकतो. एप्रिलमध्ये दहा वर्षांचा क्रमांक बंद झाला तर मोसम गेला. सरळ रस्ता म्हणजे मेटाचा क्लाउड एपीआय (प्रोग्रॅममधून मेसेज पाठवायची अधिकृत सोय), थेट किंवा एखाद्या मध्यस्थ कंपनीमार्फत. माझा सल्ला, निरोपांसाठी नवं सिम घ्या. बोलायचा जुना क्रमांक ॲपमध्येच राहू दे.

गिऱ्हाइकाने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तासांत मोकळं उत्तर देता येतं. त्यानंतर मंजूर झालेला साचाच पाठवावा लागतो. तुम्हाला तीन पुरतात: लिंक, पैसे मिळाले, पेटी निघाली. भाषा मराठी निवडून सादर करा. साचा चलपदाने (दर गिऱ्हाइकाला बदलणारी, भरायची जागा) सुरू करू नका किंवा संपवू नका, तो नाकारला जातो. ‘नमस्कार’ने सुरुवात आणि तुमच्या बागेच्या नावाने शेवट करा. चलपदात ओळ तोडलेली चालत नाही. पत्ता तर लोक चार ओळींत लिहितात, तो तसाच साच्यात घातला की नेमका त्याच गिऱ्हाइकाचा मेसेज परत येतो आणि बाकीच्यांचे जातात. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. ओळी तोडून स्वल्पविराम घाला, किंवा पत्ता पाठवूच नका, ऑर्डर क्रमांक आणि डझन पुरे. आणि ‘पेटी निघाली’च्या शेवटी ‘आता काजूगरही उपलब्ध’ असं जोडू नका. त्या एका वाक्याने निरोप सेवेच्या वर्गातून जाहिरातीच्या वर्गात जातो आणि महाग पडतो.

टॅली

टॅलीप्राइम ऑफिसच्या संगणकावर चालतं आणि सेटिंग चालू केल्यावर ९००० या पोर्टवर (इतर प्रोग्रॅमनी बोलायचं दार) एक्सएमएल या साच्यातल्या नोंदी ऐकतं. त्यासाठी टॅली उघडं आणि तुमची कंपनी लोड केलेली हवी. हे पोर्ट इंटरनेटवर उघडून द्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला धड कुलूप नसतं. उलट करा: त्याच संगणकावर एक छोटा पायथन प्रोग्रॅम विंडोजच्या टास्क शेड्यूलरने दर १५ मिनिटांनी चालवा. तो शीटमधून ‘लेबल निघालं पण टॅलीत गेलं नाही’ अशा ओळी ओढून घेतो आणि शेजारच्या टॅलीला देतो. संगणक बंद असेल तर ओळी वाट पाहतात.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. लेजरचं (खात्याचं) नाव अक्षरशः तेच हवं, शेवटची एक मोकळी जागासुद्धा चालत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं लेजर काढू नका. ‘आंबा विक्री - थेट’ असं एकच खातं ठेवा आणि नाव-क्रमांक नॅरेशनमध्ये. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आठ आकड्यांत, मध्ये काही नाही. नावात अँड चिन्ह (&) आलं की एक्सएमएल मोडतं, ते आधी बदलून घ्या. घरी सरावासाठी एज्युकेशनल टॅली वापरत असाल तर महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी होतात. तिथे १७ एप्रिलचं व्हाउचर नाकारलं म्हणून कोड तपासत बसू नका.

आणि सगळ्यात फसवं हे: नोंद नाकारली तरी टॅली एचटीटीपीच्या पातळीवर यशाचंच उत्तर देतं. खरं उत्तर आतल्या मजकुरात असतं. तिथे ‘क्रिएटेड’ समोर १ आहे का आणि ‘एरर्स’ समोर ० आहे का हे वाचूनच रकान्यात वेळ लिहा. टॅलीत नोंद झाली आणि शीटमध्ये लिहिण्याआधीच लाइट गेली, तर पुढच्या वेळी तीच नोंद पुन्हा जाईल. त्यावर उपाय म्हणजे व्हाउचर टाइपमध्ये क्रमांक हाताने द्यायची पद्धत ठेवा, ‘प्रिव्हेंट डुप्लिकेट्स’ला हो म्हणा, आणि शीटने दिलेला बिल क्रमांकच पाठवा. दुसऱ्यांदा गेलेली नोंद टॅलीच अडवेल.

गेटवेकडून बँकेत येणारी रक्कम ऑर्डरीनुसार येत नाही, दोन-तीन दिवसांनी गठ्ठ्याने आणि शुल्क कापून येते. म्हणून ‘गेटवे येणे’ असं मधलं खातं ठेवा: ऑर्डरीचे पैसे आधी तिथे, मग गठ्ठा बँकेत, शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी खर्चात. मोसमाअखेर हे खातं शून्यावर यायला हवं. नाही आलं, तर फरक कुठल्या दिवसाचा आहे ते तिथेच दिसतं.

मग मेक, झॅपिअर, एन८एन कशाला?

आकडा मांडून पाहा. महिन्याला १,५०० ऑर्डरी, प्रत्येकीला पाच कामं, म्हणजे ७,५०० कामं. झॅपिअरच्या फुकट योजनेत महिन्याला १०० कामं मिळतात आणि साखळी दोन पायऱ्यांचीच असते. अर्धा दिवस पुरणार नाही. मेकमध्ये फुकट १,००० मिळतात, पण तिथे ‘काही नवीन आलंय का’ ही विचारणाही मोजली जाते: दर १५ मिनिटांनी एकदा म्हणजे महिन्याला २,८८०, एकही ऑर्डर नसताना. दोन्ही चांगली आहेत, पण विकत घ्यावी लागतील आणि तुम्हाला ती वर्षातले तीन महिनेच हवी आहेत. भोपाळच्या पॅबली कनेक्ट या तशाच सेवेचंही गणित याच रीतीने मांडून पाहा.

एन८एन हे तसंच टूल स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर मोजणी नसते, पण सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं. टाकलंच तर तीन गोष्टी. वेळेचा पट्टा मुळात न्यूयॉर्कचा असतो, तो आशिया-कोलकाता करा. एनक्रिप्शन की (साठवलेले पासवर्ड उघडणारी किल्ली) कागदावर लिहून ठेवा. ती हरवली तर बॅकअपमधले सगळे पासवर्ड निरुपयोगी होतात. आणि गूगलशी जोडताना तुमचं गूगल क्लाउडमधलं ॲप ‘टेस्टिंग’ अवस्थेत राहिलं तर परवाना सात दिवसांनी संपतो. आठवडाभर सुरळीत चालून अचानक बंद पडणाऱ्या जोडण्यांचं कारण फार वेळा हेच असतं.

तुमच्यासाठी माझं मत: कणा ॲप्स स्क्रिप्टचा, टॅलीपुरता पायथन. घरात कोड वाचणारं कुणीच नसेल तर मेकची सगळ्यात छोटी विकत योजना मार्च ते मे घ्या, पण रकान्यांची पद्धत तीच ठेवा. टूल बदललं तरी नोंदवही तुमचीच राहते.

कुठलंही टूल घ्या, वेळेचा पट्टा दोनदा तपासा: शीटच्या सेटिंगमध्ये एकदा आणि स्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये एकदा, दोन्ही वेगळे असतात. यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ) राहिलं तर पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवसात पडते. इतर दिवशी हे खपून जाईल, पण १ एप्रिलला पहाटे चारची जमा मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल.

बंद पडलं तर

बंद पडणारच, कळलं पाहिजे एवढंच. ॲप्स स्क्रिप्टच्या ट्रिगरची चूक मुळात दिवसातून एकदा मेलने कळवली जाते. ते बदलून ‘लगेच’ करा. त्याहून महत्त्वाचा रात्री नऊचा ताळा: शीटमध्ये आज गेटवेने पैसे आलेल्या ऑर्डरी किती, गेटवेच्या यादीत किती, आज निघालेल्या पेट्या किती, टॅलीत आजची बिलं किती. पहिले दोन आकडे सारखे हवेत, पुढचे दोन सारखे हवेत. हे चार आकडे रोज घरच्या ग्रुपवर कुणीतरी वाचावेत, सगळं ठीक असलं तरीही. चूक झाली तरच कळव असं ठेवलं तर कळवणारा प्रोग्रॅमच बंद पडल्याचं कोण सांगणार? नऊचा निरोप आला नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, हा नियम घरातल्या सगळ्यांना माहीत हवा.

काही गोष्टी मुद्दाम हातात ठेवा. कुठलं फळ कुठल्या पेटीत जाईल, डागी कुठलं, आढीतला कुठला थर आज निघेल, हे शीट ठरवू शकत नाही. तसंच ‘अमुक तारखेला पोचेल’ हे फॉर्ममध्ये आपोआप छापू नका. एक ढगाळ आठवडा आला की सगळी वचनं खोटी पडतात. फॉर्म फक्त दिवसाची कमाल डझनं बघू दे, आणि तो आकडा रोज सकाळी बागेतून आलेल्या माणसाने शीटच्या एका चौकटीत लिहायचा. मागणी त्याच्या नव्वद टक्क्यांवर गेली की स्क्रिप्टने फॉर्म बंद करावा. उरलेले दहा टक्के जुन्या माणसांच्या फोनसाठी.

लेबलवर ऑर्डर क्रमांक मोठा, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, डझन आणि फळाचा आकार. पूर्ण मोबाइल आणि पत्ता फक्त गाडीवाल्याच्या यादीत. ती यादी पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांनी लावा, म्हणजे चढवताना ४०० आणि ४११ आपोआप वेगळे होतात. दुपारी दोनची सीमा ठेवा: त्यानंतर आलेले पैसे उद्याच्या गाडीत.

काम जानेवारीत सुरू करा, मोहोर असतानाच. मागच्या मोसमातल्या ५० ऑर्डरी जशाच्या तशा, त्यांच्या चुकांसकट, नव्या फॉर्ममधून घाला. गेटवेचा टेस्ट मोड आणि टॅलीत वेगळी सरावाची कंपनी वापरा. मग मुद्दाम मोडून पाहा. टॅली बंद करा, पाच ऑर्डरी घाला, टॅली उघडा आणि पाचच बिलं झाली का मोजा. एकच फॉर्म दोनदा सादर करा. पायथन चालू असताना राउटरची वायर काढा. वायर परत लावल्यावर अर्ध्या तासात कुणीही काही न करता चारही आकडे जुळले, तर मार्चमध्ये फॉर्मची लिंक गिऱ्हाइकांना द्यायला हरकत नाही. जुळले नाहीत तर कुठल्या रकान्यात ओळ अडकली ते पाहा, आणि तेवढाच प्रोग्रॅम दुरुस्त करा.